बाटलीतले चार थेंब

हॅरोमधल्या त्या चर्च हॉलमध्ये रविवारी दुपारी मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. बाहेर नोव्हेंबरचा गारठा, आत दीडशे माणसं, ओल्या कोटांचा कुबट वास आणि त्यावर अगरबत्तीचा धूर. क्रुसाच्या खाली टेबल, टेबलावर देवीची तसबीर, तिच्यापुढे समई आणि एक पितळी परात. परातीत इन्शुलिनच्या कुप्या रचलेल्या होत्या. ज्यांचा मधुमेह ‘गेला’, त्यांनी आपापल्या कुप्या देवीला अर्पण केल्या होत्या.

ही माणसं अडाणी असती तर एक वेळ समजू शकलं असतं. पहिल्या रांगेत सात डॉक्टर होते. त्यांच्यामागे ब्रॅकनेलच्या कॉम्प्युटर कंपनीतला नंदू होता, दोन अकाउंटंट होते, एक शाळामास्तर होते. सन १९८७ चाललं होतं, आणि विलायतेत वीस-वीस वर्षं काढलेली ही मंडळी हात जोडून एका बाईच्या तोंडाकडे बघत बसली होती.

बाईचं नाव मधुमतीआई. पांढरी साडी, वर उंची लोकरीचं कार्डिगन आणि आवाज मधाळ.

“बाळांनो,” त्या म्हणाल्या, “इंग्रज काय सांगतो? पँक्रियाज फेल झालं! अरे, फेल होतो तो विद्यार्थी. देवीने दिलेला अवयव फेल कसा होईल? तो रुसतो. आणि रुसलेल्याला कुणी सुया टोचतं का? त्याची समजूत काढायची असते.”

हॉल खदखदून हसला. मागच्या भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सुप्रभाबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

सुप्रभाबाई मूळच्या मिरजेच्या. लंडनच्या एका हॉस्पिटलात बायोकेमिस्ट्री लॅबमध्ये त्यांची चोवीस वर्षं गेली होती. देवधर्म त्यांना वर्ज्य नव्हता, पण खोटं बोलणाऱ्याची चीड मात्र जन्माची. मेट्रोपॉलिटन लाइनने त्या आज इथवर आल्या होत्या ते धाकट्या भावाच्या आग्रहावरून. डॉ. श्रीकांत, हाडांचा सर्जन. “ताई, एकदा ये आणि डोळ्यांनी बघ,” असं फोनवर सांगताना त्याचा आवाज आनंदाने कापत होता. त्याच्या तेरा वर्षांच्या उल्काला जूनमध्ये मधुमेह निघाला होता. लहान मुलांना होतो तो, इन्शुलिनशिवाय ज्यात माणूस जगत नाही तो. आणि श्रीकांत म्हणत होता, ती बरी झाली.

“आणि मी सांगते म्हणून मानू नका हं,” मधुमतीआई बोट नाचवत म्हणाल्या. “मी त्या राख देणाऱ्या बुवांपैकी नाही. मी टेस्ट करायला सांगते. पट्टी तुमची, पोर तुमची, डोळे तुमचे! ये गं उल्का.”

उल्का पुढे आली आणि सुप्रभाबाई भिंत सोडून ताठ उभ्या राहिल्या. ऑगस्टमध्ये गुबगुबीत असलेल्या पोरीची गळ्याची हाडं वर आली होती. स्वेटर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता.

मधुमतीआईंनी एक छोटी काचेची बाटली उचलली, तिच्यात पळीने चार थेंब तीर्थ सोडलं आणि ती उल्काच्या आईच्या, आशाच्या हाती दिली. “बाटली शुद्ध केली आहे. हिच्यात घेऊन ये.” मायलेकी बाहेर जाऊन बाटली भरून घेऊन आल्या. श्रीकांतने केमिस्टकडून आणलेला पट्ट्यांचा डबा स्वतः फोडला, एक पट्टी बाटलीत बुडवली आणि घड्याळावर दहा सेकंद मोजले. लघवीत साखर असेल तर पट्टीचं गुलाबी टोक जांभळं होतं. टोक गुलाबीच राहिलं.

“निल!” श्रीकांत ओरडला. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. आईंनी चटकन ती पट्टी त्याच्या हातून घेतली, समईवर धरली आणि जाळून टाकली. “अग्नये स्वाहा! इन्शुलिन बंद होऊन आज दहावा दिवस. येत्या गुरुवारी डॉक्टरसाहेब त्यांचं दुसरं घर आश्रमाला लिहून देताहेत. मी मागितलं नाही हं. देवीनेच त्यांना बुद्धी दिली.”

सुप्रभाबाई गर्दीतून वाट काढत पुढे आल्या. “श्रीकांत, रक्त तपासलंस का रे?”

टाळ्या थांबल्या. मधुमतीआई हसल्या, लहान मुलाचा प्रश्न ऐकून हसतात तशा. “बाई, देवीच्या व्रतात रक्त सांडत नाहीत. एक थेंब सांडला की व्रत मोडलं. मग पुढचं मी सांगू शकत नाही.”

“लघवी चालते आणि रक्त चालत नाही? देवीला हा फरक कुणी शिकवला?”

“ताई, प्लीज!” श्रीकांतने त्यांना दंडाला धरून किचनच्या दाराशी नेलं. “सप्टेंबरपासून आम्ही इन्शुलिन कमी करत आलो. थोडं थोडं, शास्त्रशुद्ध. प्रत्येक टेस्ट निगेटिव्ह. पट्टी मी स्वतः आणतो. यात फसवणुकीला जागा कुठे आहे, सांग ना!”

“सुरुवातीचे काही महिने इन्शुलिन कमी लागतंच रे बाबा. विझणारा दिवा मोठा होतो तसं ते असतं. तुला क्लिनिकमध्ये सांगितलं नाही कुणी?”

“सांगितलं. पण सुई टोचताना ती जशी रडायची ना ताई, ते तू पाहिलं नाहीस.”

यावर सुप्रभाबाईंना त्याची दयाही आली आणि त्याच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असंही वाटलं. हातात सुरी घेऊन परक्यांची हाडं कापणारा हा माणूस पोरीच्या बोटाला टाचणी लावायला कचरत होता. चमत्कार विकणाऱ्यांचा धंदा असल्याच कचरण्यावर चालतो.

उल्का तेव्हा किचनच्या सिंकपाशी उभी होती. नळाखाली कप धरून ती घटाघट पाणी पीत होती. तिसरा कप, मग चौथा.

“आत्या, मला खूप थर्स्टी वाटते. पाणी पिला तरी परत तसाच होते.” तिने आवाज खाली आणला. “आणि मॉर्निंगला मी सिक झाला, दोन टाइम्स. बाबाला नको सांगू, ओके? तो इतका हॅपी आहे.”

ती जवळ येऊन बोलली तेव्हा तिच्या श्वासाला सडत आलेल्या फळासारखा गोडसर वास आला. चोवीस वर्षं नमुने हाताळलेल्या बाईला तो वास कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शरीर साखर वापरू शकत नव्हतं, चरबी जाळत होतं आणि रक्तात आम्ल साठत होतं. हातात दिवस उरले नव्हते, कदाचित तासच होते.

हॉलची केअरटेकर डोरीन चहाच्या किटलीपाशी उभी होती. सुप्रभाबाईंनी तिला इंग्रजीत एवढंच सांगितलं, “नाइन-नाइन-नाइनला फोन करा, अँब्युलन्स हवी. तेरा वर्षांची मुलगी, मधुमेह, दहा दिवस इन्शुलिन नाही.” डोरीनने एकही प्रश्न विचारला नाही. ती पळतच फोनकडे गेली.

मग त्यांनी स्टँडवरून चहाचा एक कप घेतला, उकळत्या पाण्याने विसळला आणि उल्काच्या हाती दिला. “बाळा, एकदाच. यात.” ती कप भरून घेऊन आली, तशी श्रीकांतच्या डब्यातली एक पट्टी त्यांनी त्यात बुडवली. दहा सेकंद लागलेच नाहीत. टोक जांभळं झालं, आणि बघता बघता काळसर दिसायला लागलं.

पोरगी तीच होती, डबा तोच होता, मध्ये दहा मिनिटंही गेली नव्हती. बदललं होतं फक्त भांडं. आणि भांड्यात काय होतं? चार थेंब तीर्थ! सुप्रभाबाईंनी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. आपणही मघाशी ते थेंब पडताना पाहिले आणि आपल्यालाही काही वाटलं नाही. लॅबमध्ये एखाद्या नर्सने बाटलीत नळाचं पाणी जरी टाकलं असतं, तरी तो नमुना आपण कचऱ्यात फेकला असता. पण पळीतून पडलेलं पाणी आपल्याला पाणी वाटतच नाही. नवं घर असो, नवी गाडी असो, गंगाजलाचे चार थेंब शिंपडले की वस्तू शुद्ध झाली, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं. त्या बाईने सात डॉक्टरांची हीच दुखरी नस पकडली होती.

त्या कप आणि पट्टी घेऊन बाहेर आल्या आणि दोन्ही देवीच्या तसबिरीसमोर ठेवलं. “ही उल्काची पट्टी. आत्ताची. बघा.”

हॉलमध्ये कुजबुज झाली. मधुमतीआईंनी कपाकडे बोट दाखवलं. “चहाचा कप! अहो, साखरेच्या कपात पट्टी बुडवली तर दुसरं काय होणार? बाई लॅबमध्ये आहेत म्हणे!”

लोक हसले. सुटल्यासारखे हसले. पहिल्या रांगेतले डॉ. गिरीश, छातीरोगतज्ज्ञ, घसा खाकरून म्हणाले, “सुप्रभाताई, कंटॅमिनेशन नाकारता येत नाही, यू नो.”

“बरोबर बोललात. मग आता उलटं करू.” सुप्रभाबाईंनी टेबलावर इतरांसाठी तीर्थ घालून ठेवलेली दुसरी एक बाटली उचलली आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कपातलं थोडं तिच्यात ओतलं. “तुमच्या म्हणण्याप्रमाणे कपात साखर आहे. मग ती आता या बाटलीतही आहे. मोजा, डॉक्टर.”

गिरीशनी नवी पट्टी बुडवून मोजलं. आठ, नऊ, दहा. टोक गुलाबी.

“कपातली साखर बाटलीत उतरताना कुठे गेली?” सुप्रभाबाईंचा आवाज आता चढला होता. “देवीने खाल्ली? की या बाटलीत असं काही आहे, ज्यामुळे पट्टी आंधळी होते?”

नंदू मागच्या रांगेतून उभा राहिला. “म्हणजे... प्रॉब्लेम बाटलीत आहे. एवढी एकच गोष्ट चेंज झाली.”

मधुमतीआईंनी बाटलीवर झडप घातली. समई कलंडली, टेबलक्लॉथवर तेल सांडलं. बाटली हाती लागत नाही म्हटल्यावर बाईंनी केस मोकळे सोडले, डोळे फिरवले आणि त्या घुमायला लागल्या. “मी आलेय! माझ्या लेकराच्या अंगाला हात लावाल तर कुळाचं वाटोळं होईल!” मघाचा मधाळ आवाज एकदम घोगरा झाला. दोन-चार बायका तिथल्या तिथे लोटांगणं घालायला लागल्या.

“देवी, तुम्ही खुशाल या, नाहीतर जा,” सुप्रभाबाई बाटलीला बूच लावत म्हणाल्या, “बाटली माझ्या पर्समध्ये आहे.”

तेवढ्यात किचनमधून आशाची किंकाळी आली. “अहो! वन्सं! लवकर या! उल्का उठत नाहीये!”

उल्का किचनच्या फरशीवर पडली होती. तिचा श्वास धाप लागल्यासारखा खोल चालत होता. श्रीकांत गुडघ्यांवर बसला, त्याने तिचा हात हातात घेतला आणि पुढे काय करायचं हे त्याला सुचेना. दारात बाकीचे सहा डॉक्टर दाटीवाटीने उभे होते. अँब्युलन्स नऊ मिनिटांत आली. ती नऊ मिनिटं त्या डॉक्टरांपैकी कुणीही दुसऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवला नाही. उल्काला स्ट्रेचरवर घेतलं तेव्हा हॉलच्या मागच्या दाराने देवीही निघून जात होती, मोकळे केस पुन्हा बांधत. डोरीन दार अडवून उभी राहिली. पोलीस येईपर्यंत ती हलली नाही.

सामान्य माणसाच्या रक्तात साखरेचा आकडा इंग्लंडच्या मोजमापात सातच्या आत असतो. उल्काचा एकतीस निघाला. दोन रात्री ती अतिदक्षता विभागात होती. तिसऱ्या दिवशी तिने डोळे उघडले, सलाइनच्या नळीकडे पाहिलं, मग उशाशी बसलेल्या बापाकडे.

“बाबा, तू डॉक्टर आहे ना?” ती हळूच म्हणाली. “मग तू माझा ब्लड का नाही चेक केला?”

सुप्रभाबाईंनी तोंड खिडकीकडे वळवलं. भावाला धीर द्यावा असं त्यांना त्या वेळी मुळीच वाटलं नाही.

तीर्थात काय होतं? जीवनसत्त्व क. सर्दीसाठी केमिस्टकडे मिळतं ते, बाकी काही नाही. त्याची पूड पाण्यात दाट कालवली होती. पट्टीवरचं रसायन साखर असली की रंग धरतं, आणि हे जीवनसत्त्व तो रंग उमटण्याआधीच खाऊन टाकतं. साखर असते तिथेच असते, पट्टीला फक्त दिसत नाही. पट्टी लगोलग जाळायची तीही एवढ्याचसाठी, न जाणो उशिराने रंग चढला तर. रक्ताच्या थेंबात तीर्थ घालता येत नाही, म्हणून व्रतात रक्त वर्ज्य. सुप्रभाबाईंच्या लॅबमधल्या मुलीही हे सारं पुस्तकात वाचून होत्या. मधुमतीआईंनाही ते माहीत होतं, कारण भारतात असताना त्या एका खासगी लॅबमध्ये नमुने लावायच्या कामाला होत्या. तेव्हा त्यांचं नाव रेखा होतं.

पोलिसांना त्यांच्या खोलीत एक वही सापडली. मराठीत होती, म्हणून वाचून दाखवायला सुप्रभाबाईंना बोलावलं. आयुष्यात दुसऱ्या कुठल्या कागदाला हात लावताना त्यांना इतकी किळस आली नसेल.

पहिल्या पानावर नाव होतं जयंत. ब्रिस्टलला विमानाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले एकटे गृहस्थ, मधुमेही. रेखाबाई तिथे घर सांभाळायला राहिल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी जयंतराव ‘हार्ट ॲटॅकने’ गेले आणि घर बाईंच्या नावे झालं. वहीत लिहिलं होतं : ‘दिवस ४, तहान. दिवस ७, उलटी. शेजारीण आली, अनुष्ठान चालू आहे म्हणून परत पाठवली. दिवस ८, फोनची वायर काढली. इंजेक्शन मागतो. दिवस ९, बोलत नाही. दिवस १०, संपलं. वयस्कर, त्यामुळे डॉक्टरने विचारलं नाही.’

इंजेक्शन मागतो. सुप्रभाबाईंनी हे दोन शब्द इंग्रजीत सांगितले आणि तरुण पोलीस इन्स्पेक्टर लिहायचा थांबला. माणूस स्वतःच्या घरात स्वतःचं औषध मागत होता, आणि ही बाई शेजारी बसून दिवस मोजत होती.

शेवटच्या पानावर नाव होतं उल्का. ‘दिवस ८, वजन उतरलं. दिवस ९, उलटी सुरू असावी, पोर सांगत नाही. गुरुवारपर्यंत टिकेल. सह्या झाल्या की त्याच दिवशी निघायचं.’

पुढल्या वर्षी क्राउन कोर्टात ज्युरीने रेखाला जयंतरावांच्या खुनाबद्दल दोषी ठरवलं. जन्मठेप झाली. निकाल ऐकताना तिने सुप्रभाबाईंकडे पाहून हात जोडले आणि म्हणाली, “देवी तुमचं भलं करो.” निर्लज्जपणाला काही सीमा!

पण सुप्रभाबाईंचा खरा संताप पुढेच होता. निकालानंतरच्या रविवारी तिथल्या मराठी मंडळाची सभा भरली. सेक्रेटरी हरीश यांनी ठराव वाचून दाखवला : “एका भोंदू स्त्रीने समाजातील भोळ्याभाबड्या लोकांची फसवणूक केली, याचा हे मंडळ तीव्र निषेध करते.” माना डोलल्या. कुणीतरी चहाचं विचारलं.

“थांबा,” सुप्रभाबाई उभ्या राहिल्या. “भोळेभाबडे कोण? इथे कोण आहे भोळं? जयंतराव शेवटच्या दिवसांत इंजेक्शन मागत होते. ते भोळे नव्हते, ते कोंडलेले होते. उल्का तेरा वर्षांची होती. बापाचा आनंद मोडू नये म्हणून ती उलट्या लपवत होती. ती भोळी म्हणा हवं तर. पण तुम्ही? त्या दिवशी मी रक्त तपासा म्हटलं तेव्हा हॉलमध्ये सात डॉक्टर होते. एकानेही ‘हो, तपासू या’ म्हटलं नाही. का? कारण शेजारी बसलेला गप्प होता, आणि त्याच्या शेजारचाही. त्या बाईने तुम्हाला टेस्ट करा म्हणून सांगितलं. कुठली करायची तेही तिनेच ठरवलं, कुठल्या भांड्यात करायची तेही. आणि त्याला तुम्ही विज्ञान म्हणालात! नमस्कार हवा तर शंभर वेळा करा. पण पोरीच्या जिवाचा प्रश्न येईल तेव्हा उठून विचारा, आणि जो विचारू देत नाही त्याला दार दाखवा. याला मोठी विद्या लागत नाही. मी काय केलं? नमुना चहाच्या कपात घेतला.”

“सुप्रभाताई, भावना समजतात,” हरीश म्हणाले, “पण ठरावात काय घालायचं म्हणता?”

“नावं घाला. त्या दिवशी गप्प बसलेल्या सातांची.”

सभेत एकच गलका उठला. “रेप्युटेशन,” कुणी म्हणालं. “लिगल मॅटर,” कुणी म्हणालं. डॉ. गिरीश कोट उचलून जायला निघाले. त्या गोंधळात श्रीकांत उठला, टेबलापाशी गेला आणि हरीशच्या हातून पेन घेतलं. ठरावातल्या ‘भोळ्याभाबड्या लोकां’वर त्याने काट मारली. त्याच्या जागी स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, नावापुढे सगळ्या पदव्या लिहिल्या, आणि पेन हातात धरून तो बाकीच्या सहा जणांकडे बघत उभा राहिला.